चुकीच्या उत्तराचा फुगा

दर्शनाच्या नाकावर राग असतो, हे घाटकोपरच्या पंतनगरात तिच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. तिची आई जया मात्र कोणाचं ऐकून घेत नाही. "नाकावर राग आहे, पण नाक सरळ आहे माझ्या पोरीचं," असं ती शेजारणींना तोंडावर सुनावते. त्या रविवारी दर्शना विलेपार्ल्याच्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये येऊन बसली, तेव्हा स्वारी चांगली खुशीत होती. राग यायला तिसरी लाल ओळ यावी लागली.

स्पर्धा प्रोग्रॅमिंगची होती. तीन जणांची एक टीम, तिघांत मिळून एकच कॉम्प्युटर, आठ प्रश्न, पाच तास. प्रोग्रॅम लिहायचा आणि पाठवायचा. पलीकडचं मशीन त्याला परीक्षकांनी लपवून ठेवलेली उदाहरणं घालतं, आलेली उत्तरं परीक्षकांच्या उत्तरांशी ताडून बघतं आणि निकाल देतं. सगळी जुळली तर हिरवी ओळ, एक जरी हुकलं तर लाल. कुठलं हुकलं, का हुकलं, ते सांगत नाही. अर्धं बरोबर ही भानगडच नसते. ज्याचे जास्त प्रश्न सुटले तो वर, सारखे सुटले तर ज्याला कमी वेळ लागला तो वर. आणि सुटलेल्या प्रश्नावर आधी जितक्या वेळा तुम्ही चुकीचं पाठवलं असेल, तितकी वीस-वीस मिनिटं तुमच्या वेळात दंड म्हणून चढतात.

शिवाय फुगे. हा सगळीकडचाच रिवाज आहे. प्रत्येक प्रश्नाला एक रंग ठरलेला असतो. प्रश्न सुटला की त्या रंगाचा गॅसचा फुगा तुमच्या टेबलाला बांधतात. तो डोक्यावर तरंगत राहतो, त्यामुळे कोणाचं काय सुटलंय ते नुसती मान वर केली की सगळ्यांना दिसतं. फुगे बांधायचं काम पहिल्या वर्षाच्या प्रियंकाकडे होतं. ती सकाळपासून हातात दोऱ्यांचा झुपका धरून जत्रेतल्यासारखी फिरत होती.

पहिली येणारी टीम पुढच्या फेरीला जाणार होती. एकच टीम. दुसऱ्या नंबराला टाळ्या. दर्शना गेल्या वर्षी दुसरी आली होती, त्याच्या आदल्या वर्षी तिसरी. "ह्या हिशेबाने यंदा पहिला नंबर लागलाच," असं तिच्या टीममधला आकाश म्हणायचा. आकाश मुलुंडचा, त्याला कशाचीही थट्टा करता येते. दर्शनाला ह्यात थट्टा दिसत नव्हती, कारण ती शेवटच्या वर्षाला होती. ह्यानंतर तिला ह्या स्पर्धेत बसताच येणार नव्हतं. टीममधली तिसरी श्रुतिका, चारकोपची, घरचे कणकवलीचे. टीमचं नाव 'वाट लागली' ठेवायची अक्कल तिचीच.

तीन प्रश्न झटपट सुटले. टेबलावर लाल, निळा आणि हिरवा फुगा डुलायला लागला. मग दर्शनाने चौथा प्रश्न उघडला. त्याचा रंग पिवळा.

प्रश्न सोपा होता. एका मंगल कार्यालयात बरेच हॉल आहेत. एका दिवसाची बुकिंगं दिलेली आहेत, प्रत्येक कार्य किती वाजता सुरू होतं आणि किती वाजता संपतं. सगळी कार्यं पार पडायला कमीत कमी किती हॉल लागतील? खाली एक ओळ मुद्दाम लिहिलेली होती: एक कार्य ज्या वेळी संपतं, त्याच वेळी त्याच हॉलमध्ये दुसरं सुरू होऊ शकतं.

"हे लिहिणाऱ्याने कधी लग्न बघितलं नाही वाटतं," श्रुतिका म्हणाली. "आमच्या ताईच्या लग्नात आमची पंगत उठली नव्हती नि पुढच्या पार्टीचे लोक दारात बुके घेऊन उभे."

"लिहिलंय ना तसं? मग तसंच धरायचं," दर्शना म्हणाली. तिने प्रोग्रॅम लिहिला. एकाच वेळी एक कार्य संपत असेल आणि दुसरं सुरू होत असेल, तर आधी जाणाऱ्यांना बाहेर काढायचं, मग येणाऱ्यांना आत घ्यायचं. लिफ्टच्या दारात आपण रोज हेच करतो. तिने पाठवलं आणि ओठांवर जीभ फिरवत हिरव्या ओळीची वाट बघत बसली.

लाल ओळ आली. 'राँग आन्सर'.

कुठे टायपिंगची चूक असेल म्हणून तिने एकेक अक्षर तपासलं, आकडे वाचायची पद्धत बदलली आणि पुन्हा पाठवलं. लाल. आकडे फार मोठे असतील म्हणून त्यांना जागा वाढवून दिली. पुन्हा लाल. आता साठ मिनिटं मानेवर बसली होती आणि दर्शनाचे कान गरम झाले होते.

"सोड ना यार तो," आकाश म्हणाला. "दुसरे घेऊ. दे की-बोर्ड."

"माझं बरोबर आहे."

"मशीन नाही म्हणतंय ना पण. मशीनचं काय तुझ्याशी वैर आहे?"

"आकाश, हात लावलास ना, तर बघ."

तिने सगळं पुसलं आणि कोऱ्या पानापासून वेगळ्याच पद्धतीने लिहिलं. पहिल्या पद्धतीशी ह्या पद्धतीचा काही संबंध नव्हता. दोन्हींना तिने मनाने बनवलेली बुकिंगं घालून बघितली, दोन्हींची उत्तरं तंतोतंत सारखी आली. दोन वेगळ्या रस्त्यांनी जाऊन ती एकाच घरी पोचली होती. तिने ते पाठवलं, आणि मशीनने सांगितलं की घरच चुकलं.

आता आकाशने विचारलं नाही, सरळ की-बोर्ड ओढून घेतला. दर्शनाने घेऊ दिला. तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, की आकाशच्या जागी ती असती तर तिनेही तेच केलं असतं. तीन वर्षं एका टेबलावर बसलेला मित्र, आणि चार लाल ओळींनी त्याचा तिच्यावरचा विश्वास पार धुऊन निघाला.

स्पर्धेत परीक्षकांना स्क्रीनवरून शंका विचारता येते. आकाशला बाजूला सारून दर्शनाने एक ओळ टाकली: 'एक कार्य चारला संपतं आणि दुसरं चारला सुरू होतं, तर हॉल एकच लागतो ना?' बराच वेळ उत्तर नाही. समोरच्या काचेच्या केबिनमध्ये मुख्य परीक्षक निलेश सर चहा पिताना दिसत होते. अंधेरी स्टेशनजवळ ह्याच स्पर्धांच्या तयारीचा त्यांचा क्लास होता, आणि तो क्लास लावल्याशिवाय ह्या स्पर्धा जिंकता येत नाहीत, असं त्या क्लासचेच लोक सांगायचे. सरांनी कप ठेवला, स्क्रीनकडे बघितलं आणि दोन बोटांनी काहीतरी टाइप केलं. दर्शनाच्या स्क्रीनवर उत्तर उमटलं: 'प्रश्न नीट वाचा.'

तीन शब्द. एवढे वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रडू नव्हतं. सकाळपासून त्या लॅबमध्ये प्रश्न जर कोणी नीट वाचला असेल तर तो तिने वाचला होता. आणि तिलाच हा माणूस चहाचा घोट घेऊन सांगत होता, नीट वाच.

"ह्याच्या आवशीक खाव," श्रुतिका दातांतल्या दातांत म्हणाली.

दर्शनाने मान वर केली आणि लॅबभर नजर फिरवली. पिवळे फुगे होते. चारपाच टेबलांवर होते. सगळ्यात पुढच्या टेबलावर हर्षदच्या टीमकडे तर कधीपासून होता. हर्षद बोरिवलीचा, हुशार मुलगा, गेल्या वर्षी पहिला आलेला. त्याच्या टीमने काळे टी-शर्ट घातले होते आणि पाठीवर निलेश सरांच्या क्लासचं नाव होतं. दर्शनाने दुसरा पिवळा फुगा बघितला. खाली काळे टी-शर्ट. तिसरा बघितला. काळे टी-शर्ट. मागच्या टेबलावर दोन मुली डोकं धरून बसल्या होत्या, त्यांच्या स्क्रीनवर लाल ओळींची रांग होती. त्यांचे टी-शर्ट रंगीबेरंगी होते.

"श्रुतिका," ती हळूच म्हणाली, "तू पहिल्या वर्षाला निलेश सरांच्या क्लासला गेली होतीस ना? असला प्रश्न तिकडे होता?"

"महिनाभर गेले होते गो. मग सोडला." श्रुतिकाने आठवून बघितलं. "होता ना. पण हॉलचा नाही, प्लॅटफॉर्मचा. गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा, किती प्लॅटफॉर्म लागतील. तो तर सगळ्या पुस्तकांत असतो. घोकूनच घेतात तो."

"त्यात एक गाडी चारला सुटते आणि दुसरी चारला येते, तेव्हा?"

"तेव्हा दोन प्लॅटफॉर्म. एकावर एक गाडी चढणार नाही का?"

आकाशची बोटं की-बोर्डवर थांबली.

गाड्यांच्या बाबतीत ते बरोबरच होतं. पण इथे गाड्या नव्हत्या, हॉल होते, आणि चालतं म्हणून प्रश्नात स्पष्ट लिहिलं होतं. प्रश्न लिहिताना सरांनी गाड्या काढून लग्नं घातली, ती एक ओळ वाढवली आणि उत्तराच्या फायलीला मात्र घोकलेला जुना प्रोग्रॅम लावून दिला. ज्यांनी प्रश्न वाचलाच नाही, 'अरे, हा तर आपला प्लॅटफॉर्मवाला' म्हणून पाठ केलेलं ओतलं, त्यांना हिरवं. ज्यांनी ओळ न् ओळ वाचली त्यांना लाल. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय म्हणतात ते हेच.

"दे इकडे," दर्शना म्हणाली. आकाशने मुकाट्याने की-बोर्ड सरकवला.

तिने आपला पहिला प्रोग्रॅम उघडला आणि त्यात एकच चिन्ह बदललं. आता तो आधी येणाऱ्यांना आत घेत होता आणि मग जाणाऱ्यांना बाहेर काढत होता.

"पण हे चूक आहे ना?" आकाशने विचारलं.

"हो. चूकच आहे. म्हणूनच पाठवतेय."

हिरवी ओळ आली. श्रुतिकाने तोंडावर हात ठेवला. प्रियंका धावत आली, "अभिनंदन हं ताई!" म्हणाली आणि पिवळा फुगा बांधून गेली. दर्शना त्या फुग्याकडे बघत राहिली. कोणीतरी चारचौघांत थोबाडीत मारून वर पेढा हातात द्यावा, तसं तिला झालं.

पुढचा प्रश्न त्यांनी धावतपळत सोडवला. वेळ संपली तेव्हा हर्षदच्या टीमचे पाच, 'वाट लागली'चेही पाच. पण पिवळ्यावर गेलेला वेळ होता, त्यावर चार लाल ओळींचा दंड होता. यादीत हर्षद पहिला. दर्शना दुसरी.

लोक वडापावच्या टेबलाकडे वळले. दर्शना केबिनकडे गेली. मागून आकाश आणि श्रुतिका.

आत निलेश सर होते आणि कॉलेजच्या विभागप्रमुख वनमाला मॅडम होत्या, ह्या वर्षी निवृत्त होणाऱ्या. दर्शना फार काही बोलली नाही. तिने भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डवर मार्करने लिहिलं: 'दहा ते चार. चार ते दहा.'

"सर, दोन कार्यं. हॉल किती लागतील?"

"एक," सर म्हणाले. प्रश्न त्यांनीच काढलेला होता, उत्तर तोंडावरच होतं.

"तुमच्या मशीनला विचारा."

सर हसले. मग त्यांनी आपला प्रोग्रॅम उघडला, ते चार आकडे घातले आणि बटण दाबलं. स्क्रीनवर दोनचा आकडा आला. सरांनी परत दाबलं. परत दोन. वनमाला मॅडमनी चष्मा वर केला आणि पुढे वाकून बघितलं.

"हा प्रश्न दुसऱ्या कोणी तपासला नव्हता का, निलेश?" मॅडमनी विचारलं. "एकाने काढायचा आणि दुसऱ्याने न बघता सोडवायचा, अशीच पद्धत आहे ना?"

"तपासला ना मॅडम. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने."

"क्लासच्या?"

सरांनी स्क्रीनवरचा आपला प्रोग्रॅम बंद केला. म्हणजे गुरूने चूक केली आणि शिष्याने तीच चूक करून ती बरोबर असल्याचा शिक्का मारला. दर्शनाला वाटलं, आता संपलं. आता सर म्हणणार, सॉरी, उत्तरांची फाइल दुरुस्त करतो आणि सगळ्यांचे प्रोग्रॅम पुन्हा मशीनमधून काढतो. तसं केलं तर तिची पहिलीच ओळ हिरवी होणार होती, पुढच्या चार तर मोजल्याच जाणार नव्हत्या. हर्षदचा पिवळा जाणार होता. ती पहिली येणार होती.

पण सरांनी खुर्ची वळवली आणि तिच्याकडे निरखून बघितलं.

"तुमचा शेवटचा प्रोग्रॅम तर स्वीकारला गेलाय," ते म्हणाले. "मुद्दाम चुकीचा करून पाठवलेला दिसतोय. माझ्या उत्तरात कुठली चूक आहे ते तुम्हाला बसल्या जागी कसं कळलं?"

"अंदाज केला, सर."

"इतका नेमका?" त्यांची नजर श्रुतिकाकडे गेली. "ही माझ्या क्लासला होती ना? फाइल तिकडच्याच कॉम्प्युटरवर बनली आहे."

श्रुतिकाचा चेहरा पडला. आणि इथे दर्शनाचा राग जो सकाळपासून अंगठ्यापासून चढत होता, तो एकदाचा नाकावर येऊन बसला.

"तीन वर्षांपूर्वी महिनाभर आली होती ती तुमच्याकडे," दर्शना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण बाहेर वडापाव खाणारे वळून बघायला लागले. "तुमची चूक कळायला फाइल चोरावी लागत नाही, सर. ती पहिल्या वर्षाची चूक आहे. मी फक्त एवढाच विचार केला, की ज्याने प्रश्न वाचलाच नाही त्याचं उत्तर काय येईल. ते लिहिलं, तर तुमचं निघालं."

"दर्शना," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मी शंका विचारली होती. ह्याच चाराची. मला काय उत्तर आलं माहितीये? प्रश्न नीट वाचा."

मॅडमनी निलेश सरांकडे बघितलं. सर कपातल्या गार चहाकडे बघत होते. "तुम्ही बाहेर थांबा," मॅडम म्हणाल्या. "आम्ही ठरवतो."

ठरवायला त्यांना बराच वेळ लागला. बाहेर बातमी वाऱ्यासारखी फिरली. मागच्या टेबलावरच्या त्या दोन मुली येऊन दर्शनाला मिठी मारून गेल्या. "आम्ही पहिल्याच झटक्यात बरोबर पाठवलं होतं," त्यातली एक सांगत होती, "आणि मी हिला शिव्या घातल्या. तुला साधं उणं-अधिक कळत नाही म्हणाले." दोघी हसत होत्या, पण एकमेकींकडे बघत नव्हत्या.

केबिनचं दार उघडलं. निलेश सरांनी माइक हातात घेतला. ते तयारीचे वक्ते होते, आवाज एकदम मुलायम.

"मित्रांनो, पिवळ्या प्रश्नात एक छोटी तांत्रिक अडचण आली होती," ते म्हणाले. "कोणाचंही नुकसान होऊ नये, म्हणून परीक्षक मंडळाने निर्णय घेतलाय की तो प्रश्न सर्व टीमना सुटला असं धरलं जाईल. वेळ आणि दंड कोणालाच लागणार नाही. सगळ्यांना पिवळा!"

टाळ्या पडल्या. का पडणार नाहीत? ज्यांनी तो प्रश्न उघडूनही बघितला नव्हता, त्यांनाही मिळाला होता. शाळेपासून आपल्याला हेच वळण. पेपरात प्रश्न चुकला की सगळ्यांना मार्क. ज्याने बरोबर सोडवला त्यालाही, ज्याने चुकवला त्यालाही, ज्याने पान उलटलंच नाही त्यालाही. सब घोडे बारा टक्के.

यादी नव्याने लागली. बाकीचे चार हर्षदने आधी सोडवले होते, कारण त्याचा पिवळ्यावर वेळच गेला नव्हता. दर्शनाचा तासभर त्याच प्रश्नाने खाल्ला होता. दंड गेला, पण तो तास कुठे गेला? तो कुठल्याच मशीनला मोजता येत नव्हता. पहिला हर्षद. दुसरी दर्शना.

ती परत केबिनच्या दारात गेली. "सर, पुन्हा तपासा ना सगळे प्रोग्रॅम. बरोबर फाइल लावून. जो बरोबर असेल तो बरोबर."

"मग हर्षदचं काय?" निलेश सर आता शांत होते, अगदी समजावणीच्या सुरात. "त्याला मशीनने बरोबर सांगितलं. लाल दाखवलं असतं तर त्याने दुरुस्त केलं नसतं? चूक आमची आणि शिक्षा त्याला?"

दर्शना थबकली. हे खरं होतं, आणि खरं आहे हे तिला ताबडतोब कळलं, म्हणून तर तिला आणखीच संताप आला. हर्षद हुशार होता. लाल ओळ दिसली असती तर त्याने पाच मिनिटांत ओळ वाचून दुरुस्त केलं असतं, दंड भरून पुढे गेला असता. त्याच्यावरही अन्याय झालाच असता.

"चूक तुमची आणि शिक्षा मग आम्हाला?" ती म्हणाली. "त्याला लागू नये म्हणून आम्हाला?"

"शिक्षा कसली? तुम्हाला प्रश्न दिलाय ना."

"दिलाय?" दर्शना म्हणाली. "मी सोडवलाय तो. दोन वेगवेगळ्या पद्धतींनी. तुम्ही मला देणारे कोण?"

सरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम फाइल बंद करत होत्या. "निर्णय झालाय, बाळ," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात ओशाळेपणा होता, पण ओशाळेपणाने यादी बदलत नाही.

दर्शना टेबलावर येऊन बसली. आकाश तिच्या शेजारी बसला होता. "मी की-बोर्ड ओढून घेतला," तो म्हणाला. "सॉरी यार." तिने मान हलवली. त्याच्यावर ती चिडलीच नव्हती, आणि आता चिडायची ताकदही तिने राखून ठेवली होती.

तेवढ्यात लॅबमध्ये पिवळा रंग पसरायला लागला. प्रियंका आणि तिची मैत्रीण भराभर फुगे भरून टेबलाटेबलाला बांधत सुटल्या होत्या. सगळ्यांना पिवळा म्हणजे सगळ्यांना. ज्या टीमला दिवसभरात एकही प्रश्न सुटला नव्हता, तीही आपल्या एकुलत्या एक फुग्याबरोबर सेल्फी काढत होती. प्रियंका दर्शनाच्या टेबलापाशी आली, हातातला फुगा पुढे केला आणि मग वर बघून थांबली.

"अय्या, तुमच्याकडे आहे की आधीच."

"तो चुकीच्या उत्तराचा आहे," दर्शना म्हणाली. "मला बरोबर उत्तराचा दे."

प्रियंकाने हातातल्या फुग्याकडे बघितलं, टेबलावरच्या फुग्याकडे बघितलं. तिला खरंच कळेना. "पण ताई," ती म्हणाली, "दोन्ही सारखेच आहेत ना?"

त्या पोरीची काही चूक नव्हती. दिवसभरातला सगळ्यात प्रामाणिक प्रश्न तिनेच विचारला होता. दर्शनाने तिच्या हातातला नवा फुगा घेतला आणि श्रुतिकाकडे दिला. मग टेबलाला बांधलेला जुना फुगा सोडला, त्याचा दोरा बोटाला गुंडाळला आणि ती केबिनमध्ये गेली. तिथे आता परीक्षकांपैकी कोणी नव्हतं, सगळे बक्षिसांच्या तयारीला बाहेर आले होते. निलेश सरांची खुर्ची मात्र दोन मुलं उचलून बाहेर लॅबमध्ये मांडलेल्या व्यासपीठावर नेत होती, मुख्य परीक्षकांना मधोमध बसायला.

"एक मिनिट," दर्शना त्यांना म्हणाली. त्यांनी खुर्ची टेकवली. तिने फुगा खुर्चीच्या पाठीला बांधला. एक गाठ मारली, वर दुसरी मारली, दात लावून आवळली. सर माइकजवळ उभे होते, त्यांनी वळून बघितलं.

"सर, हा तुमचा," सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात ती म्हणाली. "उत्तर तुमचं होतं. मी फक्त लिहून दिलं."

मागच्या टेबलावरच्या दोन मुलींपैकी एकीने टाळी वाजवली, आणि एकटीच वाजवत राहिली. सर हसले, काहीतरी विनोद करायला गेले, तो त्यांना सुचला नाही. मग ते खुर्चीजवळ आले आणि दोरा सोडायला लागले. गाठ सुटेना. नखांनी ओढून बघितली, मग कोणीतरी कात्री शोधायला धावलं. कात्री सापडेपर्यंत फोटोग्राफरची घाई सुरू झाली, वनमाला मॅडमना पुढे कुठेतरी जायचं होतं.

तो फोटो नंतर कॉलेजच्या इंटरनेटवरच्या पानावर आला. मधोमध निलेश सर बसलेले, बाजूला मॅडम, मागे हर्षदची टीम काळ्या टी-शर्टात, हातात चषक. सरांच्या बरोबर डोक्यावर पिवळा फुगा. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. हर्षद तेवढा हसत नाहीये. त्याची मान वर आहे आणि तो त्या फुग्याकडे बघतोय.

दर्शना फोटोत नाही. दुसऱ्या नंबराला बोलावलं, तेव्हा आकाश आणि श्रुतिका जाऊन आले. ती लॅबच्या शेवटच्या खुर्चीत बसून आपला पहिला प्रोग्रॅम पुन्हा वाचत होती. वरून खालपर्यंत, एक एक ओळ. त्यात चूक नव्हती. स्क्रीनवर त्याच्यासमोर अजून लालच होतं.